वाचकांचे प्रश्न : कागद दाबले म्हणजे कट सिद्ध झाला का?

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा तालुक्यातील एका खेड्यात राहते आणि इतिहासात एम. ए. करते आहे. राजकीय हत्या आणि सरकारी गोपनीयता यांवर संशोधन करणाऱ्या एका प्राध्यापकांचे व्याख्यान ऐकल्यापासून याच विषयात पीएच. डी. करावी असे वाटते. माझे बाबा म्हणतात, ‘‘सरकारने कागद दाबले म्हणजे त्यांचाच हात असणार, त्यात शोधायचे काय?’’ कागद मिळत नसतील तर अभ्यासक सत्यापर्यंत पोहोचतो कसा? खेड्यात राहून हे काम जमेल का?
– एक वाचक

उत्तर : तुमच्या बाबांचा संशय मला निराधार वाटत नाही, मात्र ज्या निष्कर्षावर ते थांबतात, तिथून अभ्यासकाचे काम सुरू होते. कागद दडवला गेला, एवढ्यावरून दडवण्याजोगे काहीतरी होते इतकेच कळते. ते काय होते, हे कळत नाही.

अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांची हत्या २२ नोव्हेंबर १९६३ रोजी डॅलस येथे झाली आणि संशयित ली हार्वे ऑस्वाल्डने हे कृत्य एकट्याने केले, असा निष्कर्ष हत्येची चौकशी करणाऱ्या वॉरन आयोगाने १९६४ मध्ये काढला. क्यूबाचे नेते कॅस्ट्रो यांना ठार मारण्याचे आपले बेत अमेरिकेच्या गुप्तचर संस्थेने या आयोगापासून लपवून ठेवले होते, हे १९७५ च्या संसदीय चौकशीनंतर जगाला कळले. लपवाछपवी खरीच होती. परंतु केनेडी हत्येचे कागद खुले करण्यासाठी तिथे झालेल्या १९९२ च्या कायद्यामुळे लाखो पाने खुली झाली, तेव्हा रोखून ठेवलेल्या मजकुराचा मोठा भाग हेरांची नावे, पाळत ठेवण्याच्या पद्धती आणि परराष्ट्रांशी असलेले संबंध यांविषयीचा निघाला. गुपित होते, पण ते दुसऱ्याच गोष्टीचे होते. दरम्यानच्या तीस वर्षांत लोकांचा जो विश्वास उडाला, तो कागद खुले करूनही परत आला नाही. गोपनीयतेचे खरे नुकसान मला इथे दिसते.

आपल्याकडेही असे घडले आहे. इंदिरा गांधींच्या हत्येची चौकशी करणाऱ्या ठक्कर आयोगाचा अहवाल संसदेपुढे ठेवावा लागू नये म्हणून १९८६ मध्ये चौकशी आयोग कायद्यातच दुरुस्ती करण्यात आली. १९८९ मध्ये अहवालातील मजकूर वृत्तपत्रात फुटल्यावर तो मांडावा लागला आणि १९९० मध्ये ती तरतूद काढून टाकण्यात आली. ही दुरुस्ती चुकीची होती, असे माझे स्पष्ट मत आहे. तिने संशय शमवला नाही, वाढवला.

आता तुमच्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यातले उदाहरण घ्या. सप्टेंबर १९४४ मध्ये गांधीजी जिनांच्या भेटीला निघू नयेत म्हणून काही तरुणांनी सेवाग्रामला निदर्शने केली आणि त्यांच्यापैकी एकाजवळ सुरा सापडला. त्यांत नथुराम गोडसे होता, असे पुढे सांगितले गेले आणि त्यावर आजही वाद आहे. इथे अभ्यासकाने काय करावे? सातबाऱ्यावर नाव कोणत्या फेरफाराने चढले, हे आपण जसे मागे मागे जाऊन पाहतो, तसेच प्रत्येक विधान कोणी, केव्हा आणि कशाच्या आधारावर केले, ते पाहावे. १९४४ मध्येच लिहिलेला मजकूर एकीकडे ठेवावा, १९४८ नंतर आठवून सांगितलेला दुसरीकडे. ही विभागणी कंटाळवाणी असते. पण तीच चुकली तर पुढचे सगळे चुकते.

गांधीहत्येच्या कटाची चौकशी करणाऱ्या कपूर आयोगाचा अहवाल तुम्ही आधी वाचावा. १९६६ ते १९६९ या काळात १०१ साक्षीदार तपासून या आयोगाने जे मांडले, त्यातील अस्वस्थ करणारा भाग ढिलाईचा आहे. दिल्लीत गांधीजींच्या प्रार्थनासभेत २० जानेवारी १९४८ रोजी झालेल्या स्फोटानंतर मुंबईच्या रुईया महाविद्यालयातील प्राध्यापक जगदीशचंद्र जैन यांनी तो स्फोट घडवणाऱ्या मदनलाल पाहवाविषयी आपल्याला असलेली माहिती मुख्यमंत्री बाळासाहेब खेर आणि गृहमंत्री मोरारजी देसाई यांना सांगितली होती. तरीही ३० जानेवारी टळली नाही. इशारा देणारा माणूस एक अध्यापक होता, हे मला विसरता येत नाही.

खेड्यातून काम जमेल, मात्र नागपूरच्या खेपा कराव्या लागतील. वर्धा त्या काळी मध्यप्रांत व वऱ्हाडात होते आणि प्रांताची राजधानी नागपूर होती. तेव्हा जुन्या प्रशासकीय कागदांसाठी तेथील शासकीय पुराभिलेखागारापासून सुरुवात करा. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ मधील कलम ८(३) नुसार वीस वर्षांपूर्वीच्या घटनेची माहिती, देशाची सुरक्षा, विधिमंडळाचा विशेषाधिकार आणि मंत्रिमंडळाचे कागद असे अपवाद सोडून, सामान्यतः नाकारता येत नाही. गुप्तचर संस्थांना कलम २४ ची ढाल आहे, म्हणजे हा कायदा त्यांना सामान्यतः लागू होत नाही, हेही ध्यानात असू द्या. अर्जात ‘सत्य काय ते सांगा’ असे विचारू नका. त्या विषयाच्या फायलींची यादी मागा. ‘फाईल सापडत नाही’ असे उत्तर आले तर ती नष्ट केल्याची नोंद मागा, कारण केंद्राच्या १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख कायद्यानुसार नियम डावलून अभिलेख नष्ट करणे हा शिक्षापात्र गुन्हा आहे. आणि अर्जाची पोच जपून ठेवा; उत्तराचे तीस दिवस तिच्यावरूनच मोजले जातात आणि उत्तर आलेच नाही, तर अपिलाची मुदत ते दिवस संपल्यावर सुरू होते.