गाडीच्या काचेतून मोबाइल आणि सीटबेल्ट टिपणारे कॅमेरे नेमके काय पाहतात? यंत्राच्या चुकीमुळे दंड होऊ शकतो का?

ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्याने मोबाइल टिपणारे असे कॅमेरे सर्वांत आधी लावले. सुरुवातीचे तीन महिने केवळ इशारापत्रे पाठवून १ मार्च २०२० पासून तेथे दंड आकारणी सुरू झाली आणि १ जुलै २०२४ पासून याच कॅमेऱ्यांच्या आधारे सीटबेल्टसाठीही दंड होऊ लागला.

हे कॅमेरे उंचावरून तिरपे खाली रोखलेले असतात आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या इन्फ्रारेड प्रकाशझोतामुळे रात्री किंवा पावसातही समोरच्या काचेतून आतले स्पष्ट टिपतात. म्हणूनच मांडीवर ठेवलेला फोन किंवा खांद्यावरून न घेता काखेखालून ओढलेला पट्टाही सुटत नाही. मांडीवरचा फोन हा तेथील कायद्याने गुन्हाच आहे, हे अनेकांना ठाऊक नसते.

चुकीच्या दंडाची शंका रास्त आहे, कारण पाण्याची बाटली किंवा पाकीट यंत्राला फोन वाटू शकते. मात्र तेथे यंत्र केवळ संशयित छायाचित्रे बाजूला काढते आणि प्रशिक्षित कर्मचाऱ्याने ती डोळ्यांखालून घातल्याशिवाय नोटीस निघत नाही. माझ्या मते हीच त्या व्यवस्थेतील सर्वांत मोलाची बाब असून, जिथे असे कॅमेरे लागतील तिथे नागरिकांनी तिचा आग्रह धरायला हवा. नोटीस वाहनमालकाच्या नावे येते. गाडी दुसऱ्याच्या हाती असल्यास मालकाला त्या चालकाचे नाव कळवता येते आणि दंड मान्य नसल्यास न्यायालयातही जाता येते.