कॉलेजात जाऊन सरांना भेटून येऊ का?

सेमिस्टरचे निकाल लागले की माझ्या दादरच्या समुपदेशनाच्या क्लिनिकमध्ये हा प्रश्न हमखास येतो. विचारणारे आईबाबा बहुतेक वेळा दहावीपर्यंतची एकही पालकसभा न चुकवलेले असतात. आता मुलगा एकोणीस-वीसचा झालेला असतो. कॉलेज पालकांना बोलवत नाही, मुलगा काही सांगत नाही आणि केटी लागल्याचं, म्हणजे विषय राहिल्याचं, भलत्याच वाटेने कळतं. मग वाटतं, आपणच जाऊन एचओडींना, म्हणजे विभागप्रमुखांना, भेटावं आणि काय ते एकदा समोरासमोर विचारावं.

अशाच एका घराबद्दल लिहिते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. मुलाला निखिल म्हणू.

डोंबिवलीतलं वन बीएचके. बाबा लोअर परळच्या एका कंपनीत अकाउंट्सला, आई घरीच पाचवी ते सातवीच्या शिकवण्या घेणारी, शिवाय आजी. निखिल अंधेरीच्या बाजूला, मुंबई विद्यापीठाशी संलग्न इंजिनिअरिंग कॉलेजात, कॉम्प्युटरच्या दुसऱ्या वर्षाला. घरच्यांच्या लेखी सगळं सुरळीत होतं. मग बापलेकाच्या जॉइंट खात्याच्या स्टेटमेंटमध्ये बाबांना एक न जुळणारी रक्कम दिसली. अकाउंट्सचा माणूस; नोंद जुळल्याशिवाय गप्प बसणारा नव्हे. खोदल्यावर निघाली केटीच्या परीक्षेच्या फॉर्मची फी. पहिल्या वर्षाचे दोन विषय राहिले होते, एम-टू (दुसऱ्या सेमिस्टरचं गणित) आणि मेकॅनिक्स, आणि ही गोष्ट मुलाने अनेक महिने पोटात ठेवली होती.

माझ्याकडे आले तोवर घरात बरंच काही घडून गेलं होतं. बाबांनी कॉलेजच्या पोर्टलचा पासवर्ड घेऊन ठेवला होता. फोनचं लोकेशन चालू ठेवायची सक्ती झाली होती. आई रोज दार उघडतानाच "आज काय शिकवलं?" विचारत होती आणि मुलगा "काही नाही" म्हणून चपला काढत होता. पुण्यात आयटीत लागलेल्या आतेभावाचं पॅकेज जेवताना निघायचं ते वेगळंच.

केटी म्हणजे आयुष्य वाया गेलं, असं पालकांना वाटतं. नापास झालं की वर्ष गेलं, हे त्यांच्या डोक्यात पक्कं असतं. पण तसं नाही, राहिलेले विषय घेऊन पुढच्या वर्गात जाता येतं. पण मुलं ज्या बेफिकिरीने "सुटेल हो" म्हणतात, तेही खरं नाही. विद्यापीठाच्या इंजिनिअरिंगला पहिल्या वर्षाचे सगळे विषय सुटल्याशिवाय तिसऱ्या वर्षाला प्रवेश मिळत नाही, तिथे ड्रॉप लागतो, म्हणजे वर्ष जातं. बाबा सगळं बुडालं म्हणून बसले होते आणि मुलगा काहीच बिघडलं नाही असं दाखवत होता. विषय सोडवायला किती वेळ उरलाय, याचा हिशेब दोघांपैकी कोणीच मांडला नव्हता.

निखिलला मी एकट्याला भेटले. इंजिनिअरिंग नको, असं काही नव्हतं. कोडिंग आवडतं म्हणाला. गणितात डबल इंटिग्रेशनपाशी गाडी अडली, वर्गात एवढ्या जणांत हात वर करायची लाज वाटली, मग त्या लेक्चरला बसणंच सुटलं. घरी का नाही सांगितलंस, असं विचारलं तर शांतपणे म्हणाला, "सांगितलं असतं तर विषय सुटला असता का? नुसती संध्याकाळ गेली असती." मला तो बेजबाबदार वाटला नाही. वाईट बातमी घरी नेली तर पदरात काय पडतं, हे त्याला पहिलीपासूनच्या अनुभवाने ठाऊक होतं.

पालकांना मी सांगितलं ते एवढंच, की काही कामं फक्त तुम्ही करू शकता आणि काही फक्त तो. सध्या तुम्ही त्याची कामं करायला धावताय आणि तुमची राहून जाताहेत.

सरांना भेटणं हे त्याचं काम. बाबा एचओडींसमोर जाऊन बसले, तर सर बाबांशी बोलणार, मुलगा मागे मान खाली घालून उभा राहणार आणि पुढची तीन वर्षं त्या मजल्यावरून जाताना तोंड चुकवणार. त्याने स्वतः जायचं ठरलं. त्याला फक्त शब्द सुचत नव्हते. "सर, केटी आहे, काय करू?" एवढं म्हणून तो थांबायचा. आम्ही क्लिनिकमध्येच तालीम केली. जाताना मागच्या परीक्षांचे पेपर घेऊन जा, तुला जमतात त्या गणितांवर खूण कर आणि विचार, "सर, अभ्यासक्रमाच्या सहापैकी या दोन मॉड्यूलवर माझी पकड आहे. पास होण्यापुरतं तिसरं कुठलं घेऊ?" असा नेमका प्रश्न घेऊन आलेल्या मुलाला सहसा कोणी हाकलत नाही. त्या सरांनी त्याला डिफरन्शिअल इक्वेशन्सचं मॉड्यूल धरायला सांगितलं आणि आठवड्यातून एकदा ऑफ लेक्चरला येऊन बस म्हणाले.

पालकांची कामं कोणती, हे बाबांना पटायला वेळ लागला. मी त्यांना त्यांच्याच भाषेत काम दिलं: मुलाच्या आठवड्याचा ताळेबंद मांडा, पण त्याच्या शेजारी बसून. आठवड्याचे एकूण १६८ तास. रिक्षा, डोंबिवली-दादर फास्ट, ब्रिज चढून वेस्टर्न, अंधेरीला उतरून बस, असे जायचे-यायचे मिळून रोजचे चार, म्हणजे पाच दिवसांचे २० तास नुसते प्रवासात. प्रॅक्टिकल्स, जर्नल, सबमिशन वेगळं. संध्याकाळी सातला घरी पोहोचावं तर हॉलमध्ये आईची सातवीची बॅच, आत आजीची मालिका. मुलगा ओट्याशेजारी स्टुलावर हेडफोन लावून बसायचा. तो मोबाइलमध्ये असतो, अशी तक्रार होती. बसायला दुसरी जागा कुठे होती?

"आम्हीपण लोकलला लोंबकळूनच शिकलो," असं बाबा म्हणालेच. पण त्यांनी बी.कॉम. केलं ते सकाळच्या कॉलेजात, घरापासून पायी दहा मिनिटांवर. हे त्यांच्याच तोंडून निघालं, मला बोलावं लागलं नाही.

शिकवणीची बॅच बंद करणं शक्य नव्हतं, घर त्या पैशावरही चालतं. म्हणून स्टेशनजवळच्या अभ्यासिकेत महिन्याच्या फीवर जागा घेतली. गाडीतून उतरून तो थेट तिथे जाऊ लागला आणि साडेनऊला जेवायला घरी. आईने डबा पोचवायची तयारी दाखवली. मी नको म्हटलं, कारण डब्याबरोबर "झाला का चॅप्टर?" हा प्रश्नही पोचला असता.

पासवर्ड परत दिला गेला, लोकेशन बंद झालं. त्याबदल्यात रविवारी नाश्त्यानंतर वीस मिनिटं ठरली. त्या वेळात निखिलने स्वतः पोर्टल उघडून हजेरी, इंटर्नलचे मार्क आणि फॉर्मच्या तारखा दाखवायच्या. बाकी सहा दिवस अभ्यासाची विचारपूस बंद. आईला हे फार जड गेलं. पहिल्या आठवड्यात तिने मला फोन करून विचारलं, "मग मी त्याच्याशी बोलू तरी काय?" प्रश्न प्रामाणिक होता. दहावीपासून मायलेकरांत दुसरा विषयच उरला नव्हता.

इथे एक सांगायलाच हवं. मुलगा झोपत नसेल, जेवण तुटलं असेल, मित्रांनाही टाळत असेल, "माझ्यामुळे सगळ्यांना त्रास" अशा धर्तीचं काही बोलत असेल, तर ताळेबंद आणि रविवारच्या गप्पा बाजूला ठेवा आणि लगेच डॉक्टरकडे जा. टेलि-मानसची १४४१६ ही सरकारी हेल्पलाइन चोवीस तास मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. तसंच रॅगिंग, छळ किंवा मोठं आजारपण असेल तेव्हा पालकांनी कॉलेजात जरूर जावं, जायलाच हवं. केटी त्या यादीत बसत नाही.

हिवाळ्यातल्या परीक्षेत एम-टू सुटला. मेकॅनिक्स पुन्हा राहिला. त्या रविवारी बाबा काय करतात याची मला धास्ती होती. ते म्हणे फक्त "पुढचा फॉर्म कधी?" एवढं विचारून पोहे खात राहिले. मेकॅनिक्स उन्हाळ्यात सुटला आणि तिसऱ्या वर्षाचा प्रवेश वाचला.

करिअरचा विषय त्यानंतर निघाला. बाबांना वाटायचं की आपल्या अकाउंट्सच्या ओळखीचा कॉम्प्युटरवाल्या मुलाला काय उपयोग. पण त्यांच्याच ऑफिसात आयटीचा विभाग होता, दोन मजले वर. मी म्हटलं, नोकरीला लावा असं सांगायचं नाही. माझ्या मुलाशी अर्धा तास बोला, एवढीच विनंती करा. तिथल्या माणसाने निखिलला कॉलेजच्या प्रोजेक्टबद्दल खोदून विचारलं, डेटाबेसचे दोन साधे प्रश्न टाकले, ते त्याला आले नाहीत, आणि हे कुठे आणि कसं शिकायचं तेही सांगितलं. हेच घरात कोणी सांगितलं असतं तर भांडण झालं असतं. परक्याने सांगितलं आणि पोरगं वहीत लिहून घेऊन आलं.

पुढच्या सुट्टीत त्याने तिथेच बिनपगारी इंटर्नशिप केली. बाबांना मी आधीच बजावलं होतं, की जेवणाच्या सुट्टीत वरच्या मजल्यावर त्याच्या टेबलापाशी जायचं नाही. ते दोनदा जाऊन आले, हे मला आईकडून कळलं.