कुंदा आणि वखर

प्रश्न : पाळकसाहेब, सलाम. मी दारव्हा तालुक्यातली. रोज पहाटे पवित्र शास्त्राचा एक अध्याय वाचते, शुक्रवारी उपास धरते. पण प्रार्थनेला बसलं की तोंड बोलतं, आत काही हलत नाही. दोन वर्षांपूर्वी जावेच्या बकऱ्या आमच्या कपाशीत शिरल्या, तेव्हापासून आमचं बोलणं बंद आहे. रागाच्या भरात मी तिच्या माहेराचं काढलं, पण ते तेवढंच. देवासाठी मन तयार कसं करावं?
— एक भगिनी

उत्तर : सलाम ताई. तुमचं पत्र इथं कापून घेतलंय. मूळ पत्रात सव्वा पान बकऱ्याच आहेत, प्रार्थनेला चार ओळी.

वावरातलंच सांगतो. कुंदा म्हणजे खोल मुळ्यांचं तण. ते माजलेल्या वावरात नुसता वरवर माती खरवडणारा वखर फिरवला तर वरून सगळं काळंभोर, साफ दिसतं. पहिला पाऊस पडला की कुंदा पुन्हा हजर. त्याला उन्हाळ्यातली खोल नांगरटच लागते, आणि मागून वाकून एकेक मुळी वेचावी लागते. उपास वाईट नाही हो, पण तुमचा उपास मला वखरासारखा वाटला. होशेय संदेष्टा 10व्या अध्यायात पडीत जमीन नांगरायला सांगतो. यिर्मया तेच सांगून वर म्हणतो, काट्यांत पेरू नका. पाऊस मात्र होशेयनं आपल्या माथी मारलेला नाही, तो देवाकडे ठेवलाय. म्हणून कोरडेपणाचा धसका घेऊ नका. 88वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, आणि तीही प्रार्थनाच.

आता माझंच सांगतो. धाकट्या भावाच्या आणि माझ्या वावरात एकच धुरा, म्हणजे बांध. दर उन्हाळ्यात नांगरताना मी तो वीतभर कोरायचो. चार वर्षांत दोन हात कोरून झाला. रविवारी क्षमेवर उपदेश करायचो, भाऊ मागच्या बाकावर बसून ऐकायचा! एकदा प्रभुभोजनाच्या आदल्या रात्री मत्तय 5:23-24 काढलं. अर्पण वेदीपाशी आणलंस आणि आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर. शेकडो वेळा वाचलेलं. पण माझ्या मनात त्याच्याविरुद्ध काय आहे, हे तिथं विचारलेलंच नाही. मी तर वर्षभर तीच यादी घोकत होतो.

सकाळी उपासनेआधी त्याच्या घरी गेलो. तो पऱ्हाटीच्या जुड्या बांधत होता. म्हटलं, धुरा मी कोरला. त्यानं मान वर केली नाही. "मालूम हाय मले," म्हणाला आणि जुडी आवळत राहिला. चहा विचारला नाही. महिनाभरानं टेप धरून आम्ही गोटे रोवले. अजूनही तो माझ्याकडे जेवायला येत नाही. पण त्या सकाळी प्रार्थनेत मला शब्द जुळवावे लागले नाहीत.

तुमच्या पत्रातल्या 'तेवढंच'खाली मी लाल रेघ मारून ठेवलीय. माहेराचं काढलेलं बाई विसरत नाही, हे मी तुम्हाला काय सांगावं. या शुक्रवारी उपास बाजूला राहू द्या. जावेकडे जा. बकऱ्यांचं नाव काढू नका. माहेराचं बोलले ते चुकलं, एवढंच म्हणा. ती दार लावून घेईल कदाचित. काय झालं ते कळवा.