‘एवढंसं लेबल, त्याचे आठ हजार?’ याला काय उत्तर द्यायचं

गुहागरच्या कोकम सरबतवाल्यांनी ‘प्रेसवाला लेबलचं डिझाइन फुकट करून देतो, तुम्ही आठ हजार कसले घेता?’ असं विचारलं आणि तुम्हाला उत्तर सुचलं नाही, असं तुम्ही लिहिलंय. त्यांचा प्रश्न रास्त आहे. त्यांना बाटल्या खपवायच्या आहेत. तेव्हा ब्रँडिंग, रंगसंगती हे शब्द बाजूला ठेवून त्यांच्या बाटलीचा हिशेब मांडा.

हंगामात किती बाटल्या भरता, ते आधी विचारा. २,००० असतील तर बाटलीमागे ४ रुपये; तेच लेबल तीन हंगाम चाललं तर दीड रुपयाच्याही आत. बाटली, बूच आणि खोक्याचा खर्च त्यांना तोंडपाठ असतो, त्याच्याच खाली हा आकडा लिहून दाखवा. ३०० बाटल्याच भरत असतील तर मात्र बाटलीमागे जवळपास २७ रुपये पडतात. अशा वेळी एकरंगी साधं लेबल कमी पैशांत सुचवा. मोठं काम गळ्यात मारू नका, गावात बोभाटा व्हायला वेळ लागत नाही.

खरी पटवापटवी बाटली हातात घेतल्यावर होते. कागदाची पट्टी बाटलीभोवती गुंडाळून घेर मोजा. बाटली वर निमुळती होत असेल तर सरळ कापलेलं लेबल कडेला सुरकुततं, हे साधा कागद चिकटवून त्यांच्यासमोरच दाखवा. मग लेबलचा नमुना लावलेली बाटली सहा-सात फुटांवर, दुकानाच्या फळीवर ठेवतात तशी ठेवा. आगळाचा, म्हणजे कोकमाच्या घट्ट रसाचा, रंग काचेतून जवळजवळ काळपट लाल दिसतो. त्यावर मरून रंगाचं लेबल लावलं तर नाव दिसतच नाही. हे सांगून पटत नाही, बघितलं की लगेच पटतं.

नंतर लेबलमध्ये चूक झाली तर ती किती महागात पडते, ते सांगा. सरबताची बाटली बर्फात किंवा फ्रिजमध्ये जाते. तिथे साध्या कागदाचं लेबल भिजून सोलतं, म्हणून पीपी फिल्मचं, म्हणजे पातळ प्लास्टिकचं, घ्यावं लागतं. संपूर्ण लेबलवर ग्लॉस लॅमिनेशन (चकचकीत थर) केलं तर तारखेचा शिक्का बोटाने पुसला जातो. बॅच आणि तारखेची जागा मोकळी सोडावी लागते. एफएसएसएआय या अन्नसुरक्षा संस्थेचा १४ अंकी क्रमांक, शाकाहारी खूण, घटक, निव्वळ प्रमाण, एमआरपी, उत्पादकाचा पत्ता यातलं काही राहिलं तर छापलेला अख्खा गठ्ठा वाया. आंब्याचा पल्पही करत असतील तर आणखी एक: कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्याचा लोगो नोंदणीकृत वापरकर्त्यालाच छापता येतो. हे सगळं तपासणं तुमच्या आठ हजारांत आहे, हे स्पष्ट बोला. प्रेसवाल्याला नावं मात्र ठेवू नका. तो जुन्या साच्यात नाव बदलून देतो, आणि काहींना तेवढंच पुरतं.

दरपत्रक एका पानाचं, मराठीत: दोन पर्याय, निवडलेल्यात दोन वेळा बदल, तिसऱ्या बदलापासून प्रत्येकी अमुक रुपये. छपाईची पीडीएफ कडेने ३ मिमी जादा सोडून देणार. मूळ सीडीआर फाइल (कोरलड्रॉमधली, बदल करता येणारी) देणार की नाही, तेही लिहा, कारण पुढच्या वर्षी प्रेस बदलली की भांडण तिथेच होतं. निम्मे पैसे आधी. ‘विक्री झाली की देतो’ याला नम्रपणे नाही म्हणा. हवं तर तीन हप्ते करा, पण शेवटचा हप्ता छपाईची फाइल देण्याआधी.

घासाघीस झाली तर दर उतरवू नका, काम कमी करा: खोक्याचं डिझाइनही धरलं असेल तर ते वगळा, नुसतं लेबल ठेवा. तेच काम कमी पैशांत केलंत तर आधीचा आकडा फुगवलेला होता, असंच त्यांना वाटणार.

आणि हे बोलणं जानेवारी-फेब्रुवारीत करा. एप्रिल-मेमध्ये कोकम उतरतं, पर्यटकही तेव्हाच येतात. पाऊस यायच्या आत आमसुलं वाळवायची घाई असलेल्या माणसाला लेबल बघायला फुरसत नसते.