कमोडोर ६४ या जुन्या घरगुती संगणकातून गाणं नीट वाजत नसेल तर

आधी गाणं बाजूला ठेवा आणि बेसिक या प्रोग्रॅमिंग भाषेतून एसआयडी ही आवाजाची चिप तपासा. पोक ५४२९६,१५ (म्हणजे मेमरीच्या त्या पत्त्यावर १५ हा आकडा) दिलं की आवाज पूर्ण चढतो. मग ५४२७८ मध्ये २४०, ५४२७३ मध्ये २८ आणि शेवटी ५४२७६ मध्ये १७. चिपच्या तीन स्वरांपैकी, म्हणजे आवाजाच्या वाहिन्यांपैकी, पहिला सलग वाजायला हवा. बंद करायला शेवटच्या पत्त्यावर १६ टाका. दुसऱ्या आणि तिसऱ्या स्वरासाठी शेवटच्या तिन्ही पत्त्यांत ७ आणि १४ मिळवा. एकच स्वर मुका निघाला तर चिपच गेली आहे, केबल बदलत बसू नका.

तिन्ही मुके असतील तर मल्टीमीटर घ्या. चिपची पिन १४ ग्राउंड, पिन २५ वर ५ व्होल्ट. पिन २८ वर चिपच्या जुन्या आवृत्तीला, ६५८१ ला, १२ व्होल्ट लागतात, नव्या ८५८० ला ९. म्हणून १२ व्होल्टच्या बोर्डात ८५८० थेट खोचू नका, जळेल. फिल्टरचे कपॅसिटरही वेगळे: ६५८१ ला ४७० पिकोफॅरड, ८५८० ला २२ नॅनोफॅरड.

गाण्यातले ड्रम किंवा बोलणं ८५८० वर पुसट येतं, तो बिघाड नव्हे. नमुने, म्हणजे रेकॉर्ड केलेले आवाज, वाजवायची जुनी युक्ती ६५८१ च्या आउटपुटमधल्या डीसी (स्थिर व्होल्टेजच्या) पातळीवर चालायची. ८५८० मध्ये ही पातळी जवळपास नाहीच. पिन २६ आणि ग्राउंडमध्ये ३३० किलोओहमचा रेझिस्टर लावला की बरंच परत येतं.

सूर किंचित चढा, लय मात्र फारच पळते? पाल आणि एनटीएससी या टीव्हीच्या दोन पद्धती; पाल यंत्रासाठीचं, ५० हर्ट्झचं गाणं एनटीएससी यंत्राच्या ६० हर्ट्झवर वाजतंय.