शिवार सौदा आणि घरचा व्यापारी

प्रश्न : निफाड तालुक्यात आमची दोन एकर थॉम्पसन द्राक्षांची बाग आहे. यंदाचा माल माझ्या जाऊबाईंचे भाऊ घेणार असून दर किलोला 40 रुपये ठरला आहे. पैसे मात्र सगळी बाग उतरल्यावर आठवडाभराने देणार आहेत. लेखी मागितले तर नात्यात वाईट दिसेल, असे सासूबाई म्हणतात. काय करावे?

उत्तर : जाऊबाईंचे बंधू सचोटीचे आहेत असे धरूनच मी लिहितो, कारण अडचण त्यांच्या सचोटीची नाही. ते माल कोलकात्याला किंवा बांगलादेशाच्या बाजारात धाडणार आणि तिकडून पैसे सुटले की तुम्हाला देणार, असाच हा व्यवहार बहुधा चालतो. तिकडच्या आडतदाराला तुम्ही कधी पाहिलेलेही नाही, तरी भरवसा नकळत त्याच्यावरही टाकला जातो. सीमेपलीकडे आयात शुल्क वाढले, तर भला माणूसही अडकतो आणि त्याच्यामागे तुम्ही.

एकरी दहा टन धरले तर वीस टनांचे आठ लाख होतात. पाच टनांची एक गाडी दोन लाखांची. आधीच्या गाडीचे पैसे खात्यात जमा झाल्याखेरीज पुढच्या गाडीसाठी घडाला कात्री लावायची नाही, एवढे ठरले तरी एका वेळी अडकणारी रक्कम दोन लाखांवर येते. हे बोलणे तोडणीच्या आधीच करावे. मजूर बागेत उतरल्यावर आणि निम्मे क्रेट भरल्यावर अट घालणाऱ्याचे कोणी ऐकत नाही, कारण तयार माल फार काळ वेलीवर थांबत नाही, हे व्यापाऱ्यालाही ठाऊक असते.

सौदापावती हवीच. 2016 मध्ये फळे-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त झाल्यापासून आवाराबाहेरच्या, म्हणजे थेट बागेत होणाऱ्या शिवार सौद्यात समितीचा फारसा आधार उरलेला नाही. दर, क्रेटचे वजा होणारे वजन, तूट आणि पैशांची तारीख पावतीवर लिहून दोघांच्या सह्या घ्या. चेक मिळाला तर त्यावरील तारखेपासून तीन महिन्यांत भरा. तो न वटल्यास बँकेने कळवल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. नात्यातला म्हणून कपाटात जपून ठेवलेला चेक पुढे निव्वळ कागद ठरतो.

सासूबाईंची भीती मला खोटी वाटत नाही. म्हणून पावतीपुस्तक यजमानांनी स्वतःच आणावे आणि पहिली पावती घरी, चहाच्या वेळी, जाऊबाईंसमोर लिहावी. काट्यावरची वजनचिठ्ठी मात्र प्रत्येक गाडीची त्याच दिवशी मागून घ्या.