संस्कृतची विद्यार्थिनी आणि ग्रीकचं वेड

प्रश्न : माझी मुलगी पुण्यात टी.वाय.बी.ए.ला आहे, विषय संस्कृत. तिला परदेशात जाऊन सुरुवातीच्या ख्रिस्ती धर्माचा इतिहास आणि त्याच्या जुन्या भाषा शिकायच्या आहेत. आम्ही ख्रिस्ती नाही. नातेवाईक विचारतात, पोरगी नन होणार का? मला काळजी पैशांची. घर गहाण ठेवून लोन काढावं का?
– एक वडील, सातारा

उत्तर : घर गहाण ठेवू नका. बाकीचं बोलूच, पण हे आधी.

नातेवाइकांचं सोपं आहे. वेद शिकलेल्या जर्मन पंडितांनी काही मुंज करून घेतली नव्हती. धर्मगुरू होण्याचं शिक्षण वेगळं आणि जुन्या ग्रंथांचा अभ्यास वेगळा. अमेरिकेत हा विषय कधी कधी ‘डिव्हिनिटी स्कूल’मध्ये, म्हणजे धर्मशास्त्राच्या विद्यालयात शिकवतात, म्हणून घोटाळा होतो. एम.डिव्ह. ही पदवी मुख्यतः पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू होणाऱ्यांसाठी असते. तिने त्या वाटेला जायचं कारण नाही.

आता भाषा, कारण सगळं तिथेच अडतं. बायबलचा नवा करार ग्रीकमध्ये आहे, पण पुढच्या काही शतकांतलं लेखन लॅटिन, सिरियाक, कॉप्टिक असं पसरलेलं आहे. १९४५ साली इजिप्तमध्ये नाग हम्मादीजवळ मडक्यात सापडलेल्या जुन्या ख्रिस्ती लेखनाच्या तेरा पोथ्या कॉप्टिकमध्ये, म्हणजे इजिप्तच्या जुन्या भाषेत आहेत. भाषांतरं वाचून या विषयात प्रवेश मिळत नाही. अमेरिकेतल्या नोत्र दाम विद्यापीठाचा दोन वर्षांचा एम.ए. असो की ऑक्सफर्डचा पूर्वेकडच्या ख्रिस्ती परंपरांचा एम.फिल., अर्ज बघणारा पहिल्यांदा विचारणार : कोणती भाषा, किती वर्षं?

इथे तुमची मुलगी मागे नाही, पुढे आहे. ग्रीकमध्ये ‘दिदोमि’ म्हणजे आपलं ददामि, ‘एस्ति’ म्हणजे अस्ति. आत्मनेपद कळलेल्या मुलीला ग्रीक क्रियापदाची धास्ती वाटत नाही. सिरियाकचं मात्र तसं नाही. ती अरामाईक या पश्चिम आशियातल्या जुन्या भाषेची बोली, उजवीकडून डावीकडे लिहायची, सगळं नव्याने. पण ती शिकायला विमान नको, कोट्टायमची गाडी पुरे. केरळच्या सुरियानी ख्रिस्ती लोकांच्या प्रार्थनेत ती अजून आहे आणि तिथल्या सेंट एफ्रेम संशोधन संस्थेत सिरियाकचं एम.ए. करता येतं. माझ्या मते हीच तिची खरी पहिली पायरी. जोडीला पुण्यात मॅक्सम्युलर भवनात जर्मन सुरू करावी, कारण पीएच.डी.ला जर्मन आणि फ्रेंच वाचता येणं बहुतेक ठिकाणी अपेक्षित असतं.

आणखी एक, अर्जात उपयोगी पडेल असं. सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या अलेक्झांड्रियाच्या व्यापाऱ्याने ग्रीकमध्ये लिहून ठेवलंय की ‘कल्लियाना’ इथे इराणहून नेमून आलेला बिशप आहे. बरेच अभ्यासक हे आपलं कल्याण समजतात, काही समजत नाहीत. संस्कृत, ग्रीक आणि सिरियाक तिन्ही येणारी मुलगी या वादात शिरली तर तिचं म्हणणं कुणालाही ऐकावं लागेल.

पैशांचं गणित असं : अमेरिकेतल्या चांगल्या विद्यापीठांत पीएच.डी.ला बहुधा फी माफ असते, वर महिन्याचा भत्ता. खड्डा पडतो तो मास्टर्सला. म्हणून मास्टर्स शिष्यवृत्ती मिळाली तरच, नाहीतर वर्षभर थांबून पुन्हा अर्ज. जे. एन. टाटा एन्डाउमेंटचं कर्ज चालेल, पण मर्यादेत.

नोकरीबद्दल गोड बोलत नाही. प्राध्यापकाच्या जागा जगभर थोड्या आहेत, भारतात तर नावालाच. ती तिशीत येईल तेव्हा सगळे वर्गमित्र स्थिरावलेले असतील. हस्तलिखितांचं सूचीकरण, ग्रंथालयं, भाषांतर ही कामं आहेत. मिनेसोटातलं हिल म्युझियम केरळातल्या सिरियाक पोथ्यांसकट जगभरची हस्तलिखितं डिजिटल करून त्यांच्या सूची बनवतं. त्यांच्या साइटवर जुन्या लिप्या वाचण्याचे धडे फुकट आहेत. आज रात्री तिला ते उघडून द्या.

अर्जांच्या मुदती बहुतेक डिसेंबर-जानेवारीत असतात. यंदाच्या मुदतीमागे धावू नका. तिने आधी सहा महिने रोज तासभर ग्रीक करावं आणि नव्या करारातल्या योहानच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय कोश घेऊन स्वतः लावावा. तो लागला की मला पुन्हा पत्र लिहा, पण या वेळी तिने लिहू दे.